तक्त्यात पादचाऱ्याला रकाना नव्हता

प्रश्न सांगलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडक्यात असा: "विद्यापीठांत वाहतूक धोरणावर संशोधन करणारी केंद्रं असतात, तिथे नेमकं काय चालतं? कन्सल्टन्सीची नोकरी हाताशी असताना कमी पैशात तिथे जावं का? आणि त्यांच्या अहवालांनी रस्त्यावर काही बदलतं का, की सगळे कपाटात जातात?"

मी सव्वीस वर्षं वाहतूक नियोजनात आहे आणि त्यातली बरीचशी कन्सल्टन्सीतच गेली. म्हणजे तुम्हाला जिकडून नोकरी आली आहे, त्याच बाजूचा मी माणूस. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, बहुतेक अहवाल कपाटात जातात. आमचेही जातात. पण आमचा अहवाल कपाटात गेला की आमचं बिल निघतं आणि विषय संपतो. चांगलं विद्यापीठ-केंद्र तोच विषय वीस-तीस वर्षं सोडत नाही. शिवाय ते आम्हाला न परवडणारं एक काम करतं: प्रश्न विचारणाऱ्याला, तुझा प्रश्नच चुकला आहे, असं सांगतं. आम्ही असं सांगितलं तर पुढचं टेंडर जातं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. नोकरीची पहिलीच वर्षं होती. तालुक्याच्या एका गावाबाहेर जिल्हा मार्ग राज्य महामार्गाला मिळतो, त्या चौकाची मोजणी माझ्याकडे आली. छत्र्या लावून मुलं बसवली. दर पंधरा मिनिटांना नवा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. रात्री ते आकडे पीसीयूत बदलायचे. पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट, एक वाहन किती मोटारींइतका अडथळा करतं त्याचा हिशोब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी जो तक्ता आहे, त्यात मोटार १, दुचाकी अर्धा, सायकल अर्धा, बस किंवा ट्रक ३, बैलगाडी ८. चौकात एसटीचा थांबा होता, पलीकडे हायस्कूल. माणसं दिवसभर रस्ता ओलांडत होती. माझ्या तक्त्यात बैलगाडीला आठाचा मान होता, पायी चालणाऱ्याला रकानाच नव्हता. मला ते खटकलंही नाही. साठ माणसांनी भरलेली एसटी म्हणजे तीन मोटारींचा अडथळा, हेही खटकलं नाही.

चौक रुंद झाला, वळणं मोठी झाली, गाड्या सुटसुटीत जाऊ लागल्या. दोन वर्षांनी सहज तिथून गेलो, तर गावकऱ्यांनी थांब्याच्या दोन्ही बाजूंना आपले आपण उंचवटे घातलेले. नियमात न बसणारे, टेंपोचा पाटा मोडेल असे. आमच्या साहेबांनी गावकऱ्यांना शिव्या घातल्या. मीही मान डोलावली.

पुढे दिल्लीला आयआयटीत आठवडाभराच्या एका वर्गाला जायची संधी मिळाली. माझ्या एका बाजूला वाहतूक शाखेचे पोलिस अधिकारी, दुसऱ्या बाजूला हाडांचे डॉक्टर. आपापल्या कामातलं एक उदाहरण मांडायचं होतं, मी तोच चौक मांडला. शिकवणाऱ्यांनी एवढंच विचारलं की थांब्यावर उतरलेली माणसं रस्ता ओलांडून कुठे जातात आणि ती आकडेवारी कोणत्या पानावर आहे. पान नव्हतं. गावकऱ्यांचे उंचवटे म्हणजे माझ्या तक्त्यातला राहिलेला रकाना होता, हे तिथे बसल्याबसल्या कळलं. घरी येऊन साहेबांना सांगितलं नाही, एवढा शहाणपणा तोवर आला होता.

तो वर्ग ज्यांनी चालवला त्या केंद्राबद्दल लिहितो, कारण तुमच्या "नेमकं काय चालतं" या प्रश्नाला भारतात त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ट्रान्सपोर्टेशन रिसर्च अँड इंज्युरी प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, म्हणजे 'ट्रिप'. आता आयआयटी दिल्लीत त्याला स्वतंत्र केंद्राचा दर्जा आहे. ते उभं केलं दिनेश मोहन यांनी. ते आयआयटी मुंबईचे मेकॅनिकल इंजिनिअर, पीएचडी मिशिगन विद्यापीठात. पुढे अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेल्या महामार्ग सुरक्षा संस्थेत त्यांनी काम केलं. त्या संस्थेचे प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर, १९६६ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ता-सुरक्षा खात्याचे पहिले प्रमुख झालेले गृहस्थ. हॅडन यांचं म्हणणं असं की अपघाती इजा हा रोगासारखाच प्रकार आहे, फक्त जंतूच्या जागी ऊर्जा आहे. हिवताप काही "डास चावू देऊ नका" अशा पाट्या लावून हटत नाही, डबकी बुजवावी लागतात. तसंच रस्त्यावर माणसाला उपदेश करण्याआधी, त्याच्या अंगावर येणारी ऊर्जा कमी कशी करायची ते बघा.

ही ऊर्जेची गोष्ट तुम्ही अभियंता आहात म्हणून आकड्यात सांगतो. वेग ३०चा ५० झाला तर गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून थोडी जास्त होते. ड्रायव्हरला वाटतं वीसनेच वाढवला. समोरच्या म्हातारीच्या बरगड्यांना मात्र वेग गुणिले वेग असं वर्गाचं गणित लागू होतं.

मोहन १९७९ मध्ये दिल्लीत आले. आणि सुरुवातीच्या काळातलं त्यांचं महत्त्वाचं काम रस्त्यावरचं नव्हतंच, हा भाग मला फार आवडतो. हरयाणातल्या खेड्यांत जाऊन शेतीतल्या इजा मोजल्या. कडबाकुट्टी यंत्रात बोटं जातात, त्यात लहान मुलं बरीच. आपल्याकडे यावर काय करतात? शेतकऱ्यांसाठी जनजागृती शिबिर. त्यांनी यंत्राकडे पाहिलं: काम नसताना चाक फिरूच नये म्हणून खीळ, पात्यावर झाकण, हात फार पुढे गेला हे आधीच जाणवावं म्हणून रूळ. गावच्या लोहारालाही जमतील असे बदल. वाहतुकीत पुढे जे झालं त्याचा साचा इथे तयार झाला. माणूस चुकणारच, मूल खेळणारच. तेव्हा यंत्र असं करा, रस्ता असा करा, की चुकीची शिक्षा हात किंवा जीव नसावी.

दुसरं मोठं नाव गीतम तिवारी. त्यांचं काम आपल्या मिश्र वाहतुकीवर आहे, म्हणजे एकाच रस्त्यावर ट्रक, सायकल, हातगाडी, रिक्षा आणि मधूनच म्हैस. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत एक पद्धत आहे: प्रत्यक्ष अपघातांची वाट न बघता 'थोडक्यात वाचले' असे प्रसंग मोजायचे आणि त्यावरून धोक्याची जागा ओळखायची. दिल्लीत तिवारी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ती तपासली, तर अशा प्रसंगांचा जीवघेण्या अपघातांशी मेळ नीट बसेना. विचार केला तर उघड आहे. मंडईच्या तोंडाशी मिनिटाला दहा वेळा कोणीतरी थोडक्यात वाचतं, पण तिथे कोणी वेगातच नसतं. माणसं मरतात ती रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर. परक्या देशातलं सूत्र उचलून लावण्याआधी आपल्या रस्त्यावर घासून बघायचं, हे काम विद्यापीठाबाहेर कोण करणार? त्याचं बिल कोणाच्या नावाने काढायचं?

आता आकड्यांचं प्रकरण. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते केंद्राचं सगळ्यात मोठं योगदान हेच आहे आणि त्याचा गवगवा सगळ्यात कमी झाला.

केंद्र सरकारच्या २०१५च्या अहवालात रस्त्यांवरच्या मृत्यूंमध्ये पादचारी ९.५ टक्के होते. देश पायी चालणाऱ्यांचा आणि मरणाऱ्यांत पादचारी दहात एकही नाही? ट्रिपच्या लोकांनी पोलिस ठाण्यांतले एफआयआर एक एक करून वाचले. आग्रा, अमृतसर, भोपाळ, लुधियाना, वडोदरा, विशाखापट्टणम या सहा शहरांचा त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृतांत पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीवाले मिळून ८४ ते ९३ टक्के. मोटारीत बसलेले २ ते ४ टक्के. देशपातळीवर पादचाऱ्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असावा, असा त्यांचा अंदाज कित्येक वर्षं सरकारी आकड्याच्या समोर उभा होता. सरकारचा २०२२चा आकडा पाहा: एकूण मृत्यू १,६८,४९१, त्यात पादचारी १९.५ टक्के. सात वर्षांत वाटा दुपटीवर गेला. पादचारी अचानक दुप्पट मरू लागले असं मला वाटत नाही, मोजणी सुधारते आहे.

असं का होतं ते मी ठाण्यात बसून पाहिलं आहे. हवालदाराच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो दोष कोणाचा, कारण कलम त्यावर लागतं. मेला कोण, कशावर होता, कुठून कुठे जात होता, हे मजकुरात असतं. तक्ता भरताना ते गळतं. "अज्ञात वाहनाने ठोस मारून निघून गेले" एवढ्या एका ओळीत एक माणूस आकडेवारीतून कुठल्याही रकान्यात ढकलला जाऊ शकतो. आता इलेक्ट्रॉनिक नोंद होते, मोबाइलवर जागेचा नकाशाही येतो. पण भरणारा हात तोच आहे.

यातून धोरण कसं बदलतं? मरणारे मोटारीतले आहेत असं धरलं, तर पैसा एअरबॅग आणि उड्डाणपुलांकडे जातो. मरणारे पायी आणि दुचाकीवर आहेत असं कळलं, की फूटपाथ, हेल्मेट, वेग, बसच्या दर्शनी भागाची रचना हे विषय टेबलावर येतात. महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५,२२४ माणसं रस्त्यावर गेली. त्यांच्यापैकी कोण कशाने गेलं हे जिल्ह्या-जिल्ह्याला बसून वाचणारं केंद्र आपल्याकडच्या प्रत्येक विद्यापीठात असायला हवं होतं. आयआयटी मुंबईत वाहतूक अभियांत्रिकीचा भक्कम विभाग आहे, नागपूरला व्हीएनआयटी आहे, भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, पण ती विद्यापीठाची नाही आणि तिचा रोख एसटीसारख्या परिवहन महामंडळांकडे.

आता ट्रिपची हार सांगतो, नाहीतर हे सगळं आरतीसारखं वाटेल.

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बीआरटी, म्हणजे जलद बससेवेचा राखीव मार्ग एप्रिल २००८ मध्ये सुरू झाला. आखणीत राइट्स ही सरकारी सल्लागार कंपनी आणि ट्रिप. बससाठी मधली मार्गिका, सायकलला वेगळी, फूटपाथ. मागचा विचार साधा: रस्ता वाहनांच्या संख्येने वाटायचा की माणसांच्या? माझ्या पीसीयूच्या तक्त्याला दिलेलं हे उत्तरच होतं. पहिल्या आठवड्यापासून आरडाओरड सुरू झाली ती मोटारवाल्यांची. बसमधल्यांचा वेळ वाचत होता, पण बसमधला माणूस वृत्तवाहिनीला फोन करत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने मार्ग बंद करण्याची मागणी फेटाळली, म्हणजे कायद्याच्या लढाईत केंद्राची भूमिका टिकली. तरीही २०१६ मध्ये तो मार्ग उखडला गेला.

मोटारवाल्यांवर सगळं ढकलून मोकळं होता येईल, पण माझं मत तसं नाही. इतका लहान, एकटा तुकडा करायलाच नको होता. त्यावर कोणतीही बस येऊ शकत होती, बंद पडलेल्या बसमागे रांग लागायची, सिग्नलची फेरी लांबलचक. आणि लोकांशी बोलण्यात केंद्र कमी पडलं. प्राध्यापकाला वाटतं, आकडे मांडले की समोरचा गप्प बसेल. चौकातला माणूस आकड्याने गप्प बसत नाही, कालच्यापेक्षा आज दहा मिनिटं जास्त लागली एवढंच त्याला माहीत असतं.

अहमदाबादचा 'जनमार्ग' त्याच काळातला. पिराणा ते आरटीओ हा साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला. आखणी सेप्ट विद्यापीठाची, म्हणजे तिथेही विद्यापीठच. पण वेगळी कंपनी, त्या मार्गासाठीच्याच बस, आत शिरायला बंदिस्त स्थानकं, सुरुवातीला लोकांना फुकट बसवून पाहणं, आणि महापालिका पाठीशी. ती व्यवस्था टिकली आणि वाढली. फूटपाथ आणि सायकलच्या बाबतीत मात्र दिल्लीची आखणी जास्त प्रामाणिक होती, असं मला आजही वाटतं. पुण्याचं सांगत नाही. कात्रज-स्वारगेट-हडपसर डिसेंबर २००६ मध्ये देशात पहिला आला, आणि पुढे काय झालं ते पीएमपीने जाणाऱ्या कोणालाही विचारा.

परदेशातलं एक उदाहरण थोडक्यात, अशा केंद्रांतल्या शिक्षणाचं. अमेरिकेत १९८७ पासून केंद्र सरकार विद्यापीठांतल्या वाहतूक केंद्रांना कायद्याने पैसा देतं. कॅलिफोर्नियात सॅन होजे स्टेट विद्यापीठातली मिनेटा संस्था १९९१ च्या वाहतूक कायद्यातून जन्मली. नॉर्मन मिनेटा त्या शहराचे महापौर होते, नंतर खासदार, नंतर देशाचे वाहतूक मंत्री. गंमत म्हणजे ही संस्था अभियांत्रिकीत नाही, व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात आहे. नोकरी करणारे लोक संध्याकाळी, बरेचसे दूरदृश्य वर्गांतून, वाहतूक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतात, आणि संस्थेचे अहवाल कोणालाही फुकट वाचता येतात. बस डेपोचा व्यवस्थापक दिवसा डेपो चालवतो आणि रात्री भाडं, कर्ज, कामगार करार शिकतो. आपल्याकडे एसटीच्या आगार व्यवस्थापकासाठी असं काय आहे? मराठीत तर काहीच नाही. ट्रिपचे अहवालही इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात गावचा चौक असतो, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. केंद्रांवरचा माझा मोठा राग हाच आहे.

पैशांचं बघू. केंद्र कोणाच्या पैशावर चालतं हे प्रवेशाआधी विचारा, त्यात संकोच करू नका. ट्रिपला व्होल्वोच्या संशोधन प्रतिष्ठानाचा आधार मिळाला, मोहन यांच्या पदालाही व्होल्वोचं नाव होतं. तरी आयुष्यभर ते मोटारींना शहरात लगाम घाला असं म्हणत राहिले. मे २०२१ मध्ये कोविडने ते गेले. पैसा एकरकमी, दीर्घ मुदतीचा आणि विषय न ठरवणारा असेल तर हे जमतं. केंद्र वर्षावर्षाच्या सरकारी कामांवर जगत असेल, तर ते आमच्यासारखीच कन्सल्टन्सी असतं, फक्त पाटी विद्यापीठाची. अशी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ओळखायची खूण सांगतो: गेल्या पाच वर्षांत त्यांनी पैसे देणाऱ्याला न आवडणारं काही छापलं आहे का ते बघा.

तुम्ही जावं का? दोन वर्षं कन्सल्टन्सीत काढून मग जा, असं मी सांगेन. टेंडर कसं लिहिलं जातं, कार्यकारी अभियंता कशाला घाबरतो, साइटवर कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, उंची पंधरा सेंटिमीटरची पंचवीस कशी होते, हे विद्यापीठात कोणी शिकवणार नाही. एक बदल मात्र आमच्याकडेही झाला आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना सदोष असल्याने माणूस मेला तर आता ठेकेदार आणि सल्लागारालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम हास्यास्पद आहे, पण नाव कोर्टात जातं. म्हणून आता कन्सल्टन्सीतही सुरक्षा समजणारी माणसं हवी असतात.

केंद्रात गेलात तर पगार कमी, प्रकल्प सहायकाची नेमणूक वर्षावर्षाची, आईवडिलांना समजावणं अवघड. संख्याशास्त्र नीट शिका, निव्वळ सॉफ्टवेअर चालवण्यापुरतं नको. अर्थशास्त्र वाचा. एम.टेक.ला गेट ही प्रवेश परीक्षा बहुधा लागतेच, पण सेप्ट किंवा दिल्लीच्या नियोजन विद्यालयाकडे जाऊन नियोजनाच्या बाजूनेही येता येतं.

आणि एक गोष्ट तुमच्याकडे दिल्लीच्या मुलांकडे नसलेली आहे. तुम्हाला मराठी एफआयआर वाचता येतो. "हयगयीने व अविचाराने भरधाव" हा शब्दप्रयोग सगळ्या कागदांत सारखाच असतो आणि त्यातून काहीच कळत नाही, पण त्याच्या खालच्या चार ओळींत मयत डेअरीवरून दूध घालून परत येत होता की एसटीतून उतरून रस्ता ओलांडत होता हे लिहिलेलं असतं. तुमच्या कॉलेजच्या पत्राने, पोलिस अधीक्षकांची लेखी परवानगी काढून, नावं वगळून, एका तालुक्याच्या तीन वर्षांच्या जीवघेण्या अपघातांचे कागद वाचा. शे-दीडशे असतील. मेला कोण, कशावर होता, त्याला कशाने उडवलं, किती वाजता, जागा कोणती, एवढे पाच रकाने करा. महिनाभराचं काम आहे, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणूनही चालेल. ती वही घेऊन मुलाखतीला जा. वही बघून त्यांनी प्रश्न विचारले तर थांबा तिथे. थेट गेटच्या गुणांवर आले, तर कन्सल्टन्सीचं पत्र आहेच तुमच्याकडे.